मागे सरणारा घोडा

जन्मनोंदीत त्या घोड्याचं नाव 'डेक्कन लाइटनिंग' असं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर तो एकोणीस शर्यती धावला आणि एकोणीसही हरला. एकदा तर ऐन शर्यतीत मधेच थांबून डोक्यावर भिरभिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या ड्रोनकडे तो इतक्या कुतूहलाने बघत राहिला, की जॉकीला खाली उतरून त्याला हाताने चालवत आणावं लागलं. त्या दिवसानंतर तबेल्यात त्याला कुणी लाइटनिंग म्हटलं नाही. त्याची देखभाल करणाऱ्या सईस रोहिदास शितोळ्यांनी त्याचं नाव दगडू ठेवलं आणि तेच टिकलं.

दगडूचा एक सख्खा थोरला भाऊ होता, राजमुद्रा. तीच आई, तोच बाप, तसाच तांबूस कुमेद रंग. पण राजमुद्राने देशातल्या चार मोठ्या शर्यती मारल्या, त्याच्या गळ्यात हार पडले, आणि पाचव्या वर्षी तो भीमाकाठच्या इनामदार बाईंच्या स्टड फार्मवर पैदाशीचा घोडा म्हणून थाटात परत आला. त्याच्यासाठी लांबलांबून घोड्या यायच्या. त्याची शिंगरं दिसायला देखणी निघायची आणि धावायला सुमार. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणायचं की पुढची पिढी बघा, पुढची.

हरलेल्या घोड्याचं काय करायचं, याची रीत या धंद्यात ठरलेली आहे. त्याला खच्ची करतात, आणि मग तो वरातीला जातो, नाहीतर थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरतो. दगडूचंही तेच व्हायचं. पण त्याच सुमाराला फार्मवरचा टीझर म्हातारा होऊन मेला आणि ती जागा रिकामी झाली.

टीझर म्हणजे काय, ते सांगायला हवं. घोडी माजावर आली आहे की नाही हे माणसाला नक्की कळत नाही, घोड्याला कळतं. पण राजमुद्रासारखा मोलाचा घोडा नाराज घोडीपुढे उभा करून त्याला लाथ खायला लावणं कुणालाच परवडत नाही. म्हणून एक साधा घोडा ठेवतात. गादी लावलेल्या छोट्या भिंतीच्या अलीकडे तो, पलीकडे घोडी. त्याने मान लांबवायची, हुंगायचं, लाडीगोडी लावायची. घोडीने लाथा झाडल्या तर त्या त्याने खायच्या. ती शांत उभी राहिली, तिने शेपूट बाजूला केलं, की याचं काम संपलं. मग याला मागे न्यायचं आणि खरा नवरदेव आणायचा. हे काम खच्ची घोड्याकडून होत नाही. दगडू अख्खा राहिला तो एवढ्याचसाठी.

आणि त्याला हे काम शिकवलं रोहिदासनानांनी. सत्तावन्न वर्षांचा हा माणूस, तरुणपणी जॉकी होता, पडून खुबा मोडला तेव्हापासून जरा लंगडत चालायचा. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्यांनी दगडूला कधी चाबूक लावला नाही, तोंडात काटेरी लगाम घातला नाही. घोडी तयार झाली की ते त्याच्या मानेवर हात ठेवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "बास." दगडू पाऊल मागे घ्यायचा. पहिल्या वर्षी त्याला साखळीने ओढावं लागलं, दुसऱ्या वर्षी दोर पुरला, तिसऱ्यापासून नुसता शब्द. एकदा दोर तुटला आणि भिंतीचं दार उघडं राहिलं, तरी "बास" म्हटल्यावर दगडू घोडीच्या अंगाला अंग लागलेलं असताना जागच्या जागी थांबला आणि चार पावलं मागे आला. ती हकीकत पुढे आसपासच्या सगळ्या फार्मांवर गेली. असा टीझर दुसरा झाला नाही, असं लोक म्हणायचे, आणि नाना मिशीला हात लावायचे. सात वर्षांत त्याच्याकडून एकदाही चूक झाली नव्हती.

रोज सकाळी काम झालं की नाना त्याच्यावर खोगीर न घालता बसायचे आणि उसाच्या कडेने नदीपर्यंत जायचे. पाण्यात गुडघाभर उभं राहणं एवढी एकच गोष्ट दगडूला जिवापाड आवडायची.

दोन हजार चव्वेचाळीसच्या डिसेंबरात शर्वरी आली. शर्वरी म्हणजे नानांची मुलगी, वय एकतीस. ती पुण्याच्या एका संशोधन केंद्रात प्राण्यांच्या जनुकांवर काम करायची आणि वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि यात्रेला, घरी यायची. बापलेकीत भांडण नव्हतं. एकमेकांची तब्येत विचारायची, जेवायचं, आईने बांधून दिलेला डबा घेऊन जायचं, एवढा त्यांचा व्यवहार. या वेळी मात्र ती कामावर आली होती, आणि तिच्याबरोबर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. तिच्या केंद्रातले लोक त्याला ठसावाचक म्हणायचे. इनामदार बाईंनी फार्मवरचे सगळे घोडे तपासून घ्यायचे ठरवले होते.

तिने राजमुद्राचे केस मुळासकट उपटून घेतले, घोड्यांचे घेतले, शिंगरांचे घेतले. दगडूचं नाव यादीत नव्हतं. तो रांगेच्या शेवटी उभा राहून मान लांबवत होता म्हणून तिने त्याचेही चार केस घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तबेल्यासमोरच्या कट्ट्यावर नानांशेजारी येऊन बसली आणि किती तरी वर्षांनी त्यांच्याशी सलग अर्धा तास बोलली. प्रत्येक प्राण्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, तिने सांगितलं, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. बहुतेक ठिकाणी दोन्ही कामाला असतात. पण काही थोड्या जनुकांवर निसर्ग एक रासायनिक ठसा मारतो, आणि ज्या प्रतीवर ठसा पडला ती जन्मभर गप्प बसते. कुठली प्रत गप्प बसवायची हे जनुक चांगलं की वाईट यावर ठरत नाही, ते कुणाकडून आलं यावर ठरतं. घोड्याच्या दमाशी आणि मांडीच्या स्नायूंशी संबंध असलेला असा एक जनुकांचा संच आहे, त्यात आईकडचा भाग झोपलेला असतो आणि बापाकडचा जागा.

खरी गंमत पुढे होती. नराच्या अंगात बीज तयार होताना हे जुने ठसे पुसले जातात आणि सगळ्यावर नव्याने बापाचा शिक्का बसतो. म्हणजे आईकडून मिळालेलं जे त्याच्या स्वतःच्या अंगात जन्मभर झोपून राहिलं, तेच त्याच्या पोरांच्या अंगात जागं होतं. दगडूच्या आईच्या घराण्यात एक विलक्षण संच चालत आला होता. तो आईकडून आला म्हणून दगडूच्या अंगात निजून राहिला, आणि बिचारा बापाकडच्या रद्दी मालावर एकोणीस शर्यती धावला. राजमुद्राच्या वाट्याला तो संच आलाच नव्हता. तो जिंकला तो स्वतःच्या काळजावर आणि मेहनतीवर, आणि त्या दोन्ही गोष्टी बीजातून जात नाहीत.

"म्हंजी घरात सोन्याचा हंडा पुरल्याला, पन खनायचा पोरांनीच," नाना म्हणाले.

"तसंच. पण दर दोन पोरांतल्या एकालाच सापडणार. आईकडची प्रत जाईल की बापाकडची, ते नशिबावर."

"आन् हे तुझं यंत्र खरं बोलतंय?"

"मी केस चारदा तपासले, नाना. इतका चांगला संच मी आजवर एकाही घोड्यात बघितलेला नाही."

पुढच्या दोन महिन्यांत ठसावाचकाची बातमी सगळीकडे झाली आणि घोड्यांच्या दुनियेत एकच तारांबळ उडाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे सगळ्यांनाच एकदम उमगलं. मोठमोठे मालक गाड्या घेऊन महाबळेश्वरला गेले आणि पर्यटकांच्या तट्टांच्या आयाळीतले केस उपटू लागले. वरातीच्या घोड्यांना नवरदेवापेक्षा जास्त भाव आला. पण यातले जवळजवळ सगळे घोडे कधीच खच्ची झालेले होते. हरलेल्याला खच्ची करायची शहाणपणाची रीत पाळून ज्यांनी आपल्या घराण्यातलं सोनं आपल्याच हाताने कापून टाकलं होतं, ते मालक जुनी कागदपत्रं पुढ्यात घेऊन हात चोळत बसले. लग्नाच्या बाजारातही मुलाचे ठसे मागायला लोकांनी सुरुवात केली, कायद्याने बंदी असताना. हरलेला आणि तरीही अख्खा राहिलेला घोडा देशात औषधाला सापडत नव्हता, आणि भीमाकाठी तो एक उभा होता, गवत चघळत.

दगडूला राजमुद्राचा गाळा मिळाला. खाली रबराची जमीन, वर थंड हवेचा झोत, भिंतीत कॅमेरे. विम्याच्या अटीप्रमाणे त्याच्यावर बसायला बंदी आली आणि नदीही बंद झाली. नानांना हे आवडलं नाही, पण दगडूची वर्णी लागली याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. ज्याला उभ्या जन्मात कुणी शाबासकी दिली नाही, त्याच्यासाठी आता चाळीस घोड्यांची नोंद झाली होती.

फेब्रुवारीच्या मध्याला पहिली घोडी आणली. शांत, अनुभवी, सहा शिंगरांची आई. इनामदार बाई स्वतः आल्या होत्या, डॉक्टर होता, शर्वरी होती. दोर अर्थातच नानांच्या हातात होता. दगडू पुढे गेला, मान लांबवली, हुंगलं, खिंकाळला. घोडी स्थिर उभी राहिली. दगडूने पुढचे पाय जमिनीवरून अर्धवट उचलले, पुन्हा खाली ठेवले, आणि अगदी व्यवस्थित चार पावलं मागे आला. मग त्याने नानांकडे बघितलं. काम चोख झाल्यावर ज्या नजरेने तो नेहमी बघायचा, त्याच नजरेने.

अर्ध्या तासाने पुन्हा नेलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या घोडीपाशी तेच. नानांनी त्याला चुचकारलं, पाठ थोपटली, "जा रं बाबा, जा पुढं," म्हणून विनवलं. त्यांनी "बास" हा शब्द तोंडातून काढणंच सोडून दिलं, घरी भाजी वाढतानाही ते हाताने खूण करायचे. डॉक्टरांनी सुया दिल्या, त्याने दगडू जास्त उतावीळ झाला, जास्त जोरात खिंकाळला, आणि तरीही चार पावलं मागे आला. फार्मवरचा म्हातारा नालबंद म्हणाला की जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही. नाना त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत. सगळा दोष त्यांचा होता आणि तो त्यांना ठाऊक होता. त्यांनी शिकवलं होतं ते इतकं चांगलं शिकवलं होतं.

तुम्ही म्हणाल की घोड्याने नाही तर डॉक्टरने नळीने काम करावं. पण शर्यतीच्या घोड्यांच्या जगात एक जुना कडक नियम आहे. शिंगराची नोंद व्हायची असेल तर घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संग झालेला असला पाहिजे, आणि तो साक्षीदारांसमोर. इतकं विज्ञान पुढे गेलं, पण हा नियम तसूभर हलला नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इनामदार बाईंनी नानांना आणि शर्वरीला बंगल्यावर बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. चहा स्वतः ओतून दिला आणि मग सरळ मुद्द्यावर आल्या. परदेशात एक नवी नोंदवही निघाली होती, प्रयोगशाळेतून झालेली शिंगरं मान्य करणारी. तिथली मंडळी दगडूला विकत घ्यायला तयार होती. ते त्याचे वृषण काढून घेणार, त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यांत वाढवणार, आणि पुढची पन्नास वर्षं त्यांना बीज मिळत राहणार. घोड्याची त्यांना गरज नव्हती. फार्मच्या भागीदारांनी होकार कळवला होता, फक्त पंधरा मेपर्यंत बाईंनी मुदत मागून घेतली होती; तोवर दगडूने संग केला तर विक्री रद्द होणार होती.

"आन् मग घोड्याचं काय करत्यात?" नानांनी विचारलं.

बाईंनी शर्वरीकडे बघितलं. शर्वरीने कप खाली ठेवला. "तिथल्या रोगांच्या कायद्यामुळे बाहेरून आलेला घोडा परत पाठवता येत नाही," ती म्हणाली. "काम झालं की कायमचं झोपवायची सुई देतात, नाना."

त्यानंतरचे तीन आठवडे नानांनी जिवाचं रान केलं. गादीची भिंत पाडून टाकली. जागा बदलली, दोर बदलला, पहाटेऐवजी दुपार केली. दोर दुसऱ्या सईसाच्या हातात देऊन स्वतः आडोशाला उभे राहिले. दगडू पुढे जायचा, पाय उचलायचा आणि मागे यायचा. मे उजाडला.

शर्वरीने मार्चपासून केंद्रातून रजा घेतली होती आणि दगडूचा चारापाणी तीच बघायची. भिंतीतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं सगळं ती रोज बघत बसायची, अतिशय सावकाश, एकेक हालचाल थांबवून. चार मेच्या सकाळी ती कुरणाच्या कुंपणापाशी आली. नाना राजमुद्रासाठी लसूणघासाचा भारा सोडत होते. तिने हातातल्या टॅबलेटचा पडदा त्यांच्यापुढे धरला.

"याच्या कानांकडे बघा," ती म्हणाली.

नानांनी बघितलं. एकोणीस वेळचे एकोणीस तुकडे होते. प्रत्येक वेळी, पाय उचलल्यावर, मागे येण्याच्या आधी निमिषभर, दगडूचा डावा नाहीतर उजवा कान वळायचा. ज्या बाजूला नाना असतील त्या बाजूला. दोर त्यांच्या हातात असताना डावीकडे. आडोशाला उभे होते तेव्हा मागे. एकदा नाना तबेल्याच्या पार पलीकडे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसले होते, तेव्हाही कान बरोबर तिकडे.

"मी तर काय बोलतच न्हाई आता," नाना म्हणाले.

"बोलायची गरजच नाहीये. तुम्ही आहात एवढं त्याला पुरतं. तुमचा वास आहे, लंगडत्या पायाचा आवाज आहे. तुम्ही आहात म्हणजे आता बास म्हणणार, हे त्याला पाठ झालंय. तुम्ही म्हणायच्या आधीच तो ऐकतो." ती कुंपणाच्या तारेवर बोट फिरवत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "मला कळतं ते. तुम्ही समोर असलात की माझंपण पाऊल मागे पडतं. आजसुद्धा."

नानांनी भारा खाली ठेवला. ती कशाबद्दल बोलते आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. सतरा वर्षांची असताना शर्वरी सकाळच्या सरावाला घोडे फिरवायची. पुण्याहून एक ट्रेनर तिला बघायला आला होता, जॉकीच्या शाळेत घ्यायचं म्हणून. तिने पहिली फेरी मारली ती अशी, की कुंपणावरचे लोक उठून उभे राहिले. दुसऱ्या फेरीला नाना लंगडत मैदानात शिरले, लगाम धरला आणि "बास, उतर," म्हणाले. मोडलेला खुबा त्यांना दर पावलाला आठवत होता, पोरीचं हाड मोडलेलं बघायची त्यांच्यात ताकद नव्हती. ती उतरली. रडली नाही, भांडली नाही, पुन्हा कधी घोड्यावर बसली नाही. आपण तिला वाचवलं असंच नाना चौदा वर्षं धरून चालले होते. आज पहिल्यांदा त्यांना त्याची लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

शर्वरीने मान हलवली, ती होय म्हणून की असू दे म्हणून ते कळलं नाही. मग तिने पुढचं सांगितलं. नानांनी फार्म सोडून लांब जायला हवं, नदीपलीकडे, वासही येणार नाही इतकं लांब. त्यांचे कपडे, त्यांची घोंगडी, त्यांनी हाताळलेले दोर, सगळं जाळावं लागेल. आणि दगडूने एकदा काम केलं तरी परत येऊन चालणार नाही. घोडा विसरत नाही. पुढच्या हंगामात नाना दारात दिसले तर तो पुन्हा चार पावलं मागे जाईल.

"म्हंजी कवाच न्हाई," नाना म्हणाले.

"तो पैदाशीला आहे तोवर नाही. दहा-बारा वर्षं."

दहा-बारा वर्षांनी आपण असू की नाही, याचा हिशेब नानांनी केला नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. दोर कोण धरणार? उतावीळ घोडा दोन पायांवर उभा राहतो तेव्हा खाली उभं राहणं म्हणजे मरण डोक्यावर घेणं असतं. बाकीच्या सईसांना दगडू जुमानत नव्हता हे दोघांनीही बघितलं होतं.

"मी धरते," शर्वरी म्हणाली. "दोन महिने त्याचा चारापाणी मीच करतेय. त्याला माझी सवय झालीय."

नानांचा हात आपोआप वर उठला होता, पंजा पुढे, जसा तो दगडूच्या मानेवर ठेवण्यासाठी उठायचा. तो त्यांनी खाली घेतला आणि धोतराला पुसला. मग त्यांनी दोर कसा धरायचा ते तिला दाखवलं. कधी घोड्याच्या समोर उभं राहायचं नाही, खांद्याच्या रेषेत राहायचं, दोर हाताला गुंडाळायचा नाही. ते सगळं तिला आधीच येत होतं, तरी तिने ऐकून घेतलं.

पाच मेला सकाळी नाना निघाले. दगडूला भेटले नाहीत. भेटून त्याच्या अंगाला आपला वास लावायचा आणि मग तो उडेपर्यंत आठवडाभर थांबायचं, एवढी सवड आता उरली नव्हती. गाळ्याच्या मागून जाताना आतून फुरफुर ऐकू आली, म्हणजे त्याने ओळखलं होतं. नाना थांबले नाहीत. नदीवरचा पूल ओलांडून ते बायकोसह काष्टीला आपल्या गावाकडच्या जुन्या घरी गेले. आठवड्याच्या बाजाराच्या गलक्यात, बैल-म्हशींच्या गर्दीत, ते उगाचच दोन तास फिरत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सकाळी करायला काही नव्हतं. फार मोठं काही गमावलं की माणूस हिंडत राहतो, तसे ते हिंडत होते.

आठ तारखेला काही झालं नाही. शर्वरीने फोनवर एवढंच सांगितलं, की दगडू पुढे गेला, पाय उचलला, मग गोंधळून जागेवरच उभा राहिला. मागे मात्र आला नाही. दहा तारखेलाही तेच. नानांना जेवण जाईना. बायको म्हणाली की पोटची पोर बाळंतीण असती तरी तुम्ही एवढे हवालदिल झाला नसता. ते खरंही होतं.

तेरा मेला, सकाळी दहाच्या सुमाराला, फोन वाजला. नाना अंगणात होते. शर्वरीचा श्वास लागला होता.

"झालं, नाना," ती म्हणाली. "साक्षीदारांच्या सह्यापण झाल्या. बाईंनी परदेशी लोकांना नाही म्हणून कळवलंसुद्धा."

नाना तिथेच पायरीवर बसले. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. "मागं वळून बघितलं का त्यानं?"

"बघितलं. एकदा. तुम्ही नेहमी उभे राहायचात त्या जागेकडे कान केला, बराच वेळ. मी काहीच बोलले नाही. दोर पण ओढला नाही. मग त्याचं त्यानंच ठरवलं."

नाना रडले. आनंदाने रडले आणि दुःखानेही रडले, आणि दोन्ही वेगवेगळं करता येत नव्हतं. घोडा वाचला होता आणि त्यांच्याशिवाय पुढे गेला होता. पलीकडे शर्वरीने फोन ठेवला नाही. लेकीने आपलं रडणं ऐकलं हे त्यांना वाईट वाटलं नाही.

मग ती म्हणाली की उद्या दुसरी घोडी आहे, नाशिककडची. ती लाथाळ आहे, डॉक्टरांनाही जवळ येऊ देत नाही. हंगाम संपेपर्यंत जमतील तेवढ्या उरकायच्या आहेत. केंद्राची नोकरी ती सोडणार आहे, बाईंशी बोलणं झालंय, आणि दोर यापुढे तीच धरणार आहे. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मग थांबली. ती कशासाठी थांबली हे नानांना कळलं. चौदा वर्षांपूर्वी मैदानात लगाम धरल्यावर ती अशीच थांबली होती.

तो शब्द त्यांच्या जिभेवर आला. सवयच ती. त्यांनी तो गिळला, डोळे पुसले.

"घोडी लाथाळ असंल तर तिच्या डाव्या अंगानं जा," ते म्हणाले. "आन् दोर जरा ढिलाच सोड."